मेकर मेळाव्यातला स्टॉल: अनुभव लिहा

गोदाकाठ
माळ्यावरच्या खोक्यात मेकर मेळाव्याची (स्वतः बनवलेली यंत्रं मांडून दाखवायचा मेळावा) जुनी पाटी निघाली, 'मातीची ओल मोजा, हात लावून बघा'. आपल्या लातूर-परभणी-नांदेडची पोरंही आता आपापली यंत्रं घेऊन पुण्या-मुंबईकडच्या मेळाव्यांना निघायलीत, म्हणून हा धागा. व्याख्यानं मागाहून ऐकता येतात. गर्दीत यंत्र दिवसभर चालतं ठेवणं हेच अवघड, त्यावर लिहा.

सुरुवात करतो. ओलीचा सेन्सर दोन उघड्या काट्यांचा घेऊ नका. ओल्या मातीत सतत डीसी करंट गेला की एक काटा गंजून झिजतो आणि रीडिंग रोज वेगळं येतं. कपॅसिटिव्ह घ्या, म्हणजे उघडे काटे नसलेली सपाट पट्टी. त्यातही वरचे पार्ट उघडे असतात आणि पट्टीच्या कापलेल्या कडा पाणी पितात. दोन्हीकडं नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर इपॉक्सी लावा.

आणि आपली काळी माती. वाळली की आकसते, पट्टीभोवती भेग पडते, भेगेत हवा शिरते. मग खाली ओल असूनही सेन्सर 'कोरडं' सांगतो. स्टॉलवरच्या कुंडीत माती चाळून घ्या, ओलसर करून पट्टीभोवती बोटानं दाबून बसवा. आकडे त्याच मातीत ठरवायचे: एक उन्हात वाळवलेली, एक पाणी घालून निथळू दिलेली. दुकानातल्या कोकोपीटचे आकडे इथं कामाचे नाहीत.

मोंढा नाका
यात एक भर. ईएसपी-32 वर (सेन्सर वाचणारा वाय-फायवाला छोटा बोर्ड) वाय-फाय चालू असताना एडीसी-2 च्या, म्हणजे अॅनालॉग वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या, पिनांवर अ‍ॅनालॉग वाचता येत नाही. सेन्सर 32, 33, 34, 35, 36, 39 यांपैकी एकीवर घ्या. घरी वाय-फाय बंद ठेवून सगळं नीट चालतं, तिथं चालू केलं की 4 किंवा 27 नंबरची पिन दगा देते. लोक सेन्सर बदलत बसतात, दोष पिनेचा असतो.

बीडची ताई
धागा जपून ठेवला. भाचा जायलाय पुढच्या महिन्यात. भाकरी टाकता टाकता वाचते, लिहीत राहा.

आष्टीकर
हॉलच्या वाय-फायवर विसंबू नका. 2.4 गिगाहर्ट्झला इतके मोबाईल असतात की जोडणी टिकत नाही. ईएसपीलाच अ‍ॅक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो स्वतःचंच वाय-फाय सोडतो; त्याचं पान मोबाईलवर 192.168.4.1 ला उघडतं. चॅनल 1, 6, 11 यांतला जो मोकळा दिसेल तो. दाखवायच्या मोबाईलचा डेटा बंद ठेवा. नाहीतर 'इंटरनेट नाही' म्हणत मोबाईल परत डेटावर उडी मारतो आणि पान कोरंच राहतं.

जालना रोड
पॉवर बँकचं पण लिहा कुणीतरी. आपोआप बंद पडते ती.

गोदाकाठ
@जालना रोड, भाऊ, यंत्र फार कमी करंट ओढतं म्हणून. मोबाईल काढून घेतला असं समजून पॉवर बँक बंद होते. 5 व्होल्टवर 47 ओहमची रेझिस्टर समांतर लावा, साधारण 105 मिलिअँपिअर ओढले जातात. उष्णता अर्ध्या वॅटची आहे, म्हणून रेझिस्टर किमान 1 वॅटची हवी. पाव वॅटची जळेल. आणि ती प्लास्टिकला चिकटवू नका.

मोंढा नाका
पंप दाखवणार असाल तर: पंप सुरू-बंद झाला की बोर्ड रिसेट होतो, ही हमखास तक्रार. पंपावर 1एन4007 डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसकडं. पंपाला वेगळा सप्लाय, पण ग्राउंड दोन्हींचं एकच. बोर्डाच्या 5 व्होल्टजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शेतकरी मंडळी स्टॉलवर पहिलं विचारतात ते 'थ्री फेजच्या मोटारीला चालंल का?' उत्तर तयार ठेवा: पंपाच्या रिलेनं (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) मोटार थेट चालवायची नाही. रिले स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची (मोटारीच्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवील, ओव्हरलोड आणि सिंगल फेजिंगचं (एक फेज गेल्याचं) संरक्षण जिथल्या तिथं राहील. ते काढून कुणाला काही जोडून देऊ नका.

धाराशिवकर
मे महिन्यात बंद गाडीत पीएलएचं (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकचं) खोकं ठेवू नका हो. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, झाकण वाकडं होतं, मग स्क्रूची भोकं जुळत नाहीत. पीईटीजी घ्या, ऐंशीपर्यंत टिकतं.

बीडची ताई
गाडीनं कुठं, तो रेल्वेनं जायलाय.

धाराशिवकर
मग बरं. ताई, त्याला म्हणावं सुट्या लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव, प्रत्येक सेल वेगळ्या डबीत ठेव. किल्ल्यांच्या खिशात नको.

पैठण गेट
डिझाइनवाल्यांसाठी. लेझरनं 3 मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापताना बोर्ड नेमका 3 चा नसतो आणि किरण स्वतः 0.1-0.2 मिमी खातो. आधी एका पट्टीवर 2.6 ते 3.2 पर्यंत 0.1 च्या फरकानं खाचा कापा, जी हातानं दाबून घट्ट बसते ती फाइलमध्ये घाला. पीव्हीसीचं रेक्झिन लेझरखाली अजिबात नको, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. माणसालाही वाईट, मशीनच्या आरशांनाही.

वाटेत वेळ काढून पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केला, 2002 मध्ये तिथं फॅब लॅब (लेझर कटरसारखी यंत्रं असलेली कार्यशाळा) आली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. असलं काही आपल्याकडच्या प्रत्येक जिल्ह्यात हवं, मनापासून वाटतं.

हुर्डा
जानेवारीत आपल्याकडंच भरवा की एखादा मेळावा. सकाळी सुशीला, दुपारनंतर शेतात हुर्डा.

आष्टीकर
@हुर्डा, भरवलाच तर पोरांसाठी सोल्डरिंगचं टेबल पाहिजेच. 25 वॅटच्या दहा गन म्हणजे 250 वॅट, एका एक्स्टेन्शन बोर्डावर चालतात. हॉट एअर गन (गरम हवेची, जास्त वॅटची) मात्र त्यावर लावू नका. पोरांना क्रम असा शिकवा: टोक पॅड आणि पाय दोन्हींना टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, सोल्डरची तार सांध्याला लावायची. आधी तार काढायची, मग गन. पंखा थेट गनवर नको, टोक थंड होतं आणि सांधा भुरकट, कच्चा राहतो. धूर बाजूला ओढला जाईल असा ठेवा. तारेत शिसं असतं, खायच्या आधी साबणानं हात धुवायला लावा.

बीडची ताई
लाल एलईडी 9 व्होल्टच्या बॅटरीवर लावायला रेझिस्टर कोणती?

आष्टीकर
470 ओहम, ताई. साधारण 15 मिलिअँपिअर जातात.

बीडची ताई
इथल्या दुकानात 560 च आहे म्हणतोय.

आष्टीकर
चालते. उजेड जरासा कमी पडेल, बॅटरी उलट जास्त पुरेल.