रोजच्या धबडग्यात फोटोग्राफी बसवायची कशी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे निकॉन डी५३०० कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे. हौसेने घेतला, एकदा कासला आणि दोनदा कोकणात नेला. तेव्हापासून कपाटात साड्यांवर पडून आहे. "पुढच्या ट्रिपला काढू" म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

आता ट्रिपची वाट बघायची नाही असं ठरवलंय. पण दिवस असा: डोंबिवलीहून पावणेआठची फास्ट, सीएसएमटीहून फोर्टातल्या ऑफिसपर्यंत बारा-पंधरा मिनिटं चालत, सहाला सुटका, घरी पोचायला पावणेआठ, मग स्वयंपाक आणि लेकाचा अभ्यास. रविवार धुण्या-वाळवण्यात. माझी म्हणावी अशी वेळ म्हणजे ते चालणं, बस्स.

मागच्या आठवड्यात तीन दिवस कॅमेरा नेला. पहिल्या दिवशी सगळे काढतात तोच सीएसएमटीचा फोटो काढला, तोही काळवंडलेला. दुसऱ्या दिवशी पर्समधून कॅमेरा बाहेर येईपर्यंत हातगाडी निघून गेली. तिसऱ्या दिवशी चहावाल्याने विचारलं, "मॅडम, पेपरवाल्या का?" आणि मी "नाही, नाही" करत चक्क पळाले! लेडीज डब्यात कॅमेरा काढायचा नाही हे मात्र पक्कं आहे. दमून झोपलेल्या बाईचा फोटो काढणं मला पटत नाही.

तर, चालता चालता काढायचं काय आणि कसं? ५० मिमी एफ १.८ ची 'डी' प्रकारची लेन्स सेकंडहँड स्वस्तात मिळतेय, घेऊ का? आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करता? ("फोननेच काढा" नको, प्लीज. फोन हातात घेतला की ऑफिसचा ग्रुप दिसतो.)

प्रतिसाद

ताई, ती 'डी' घेऊ नका. डी५३०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि 'डी' लेन्समध्येही नसते, त्यामुळे त्या लेन्सला ऑटोफोकस मिळणार नाही. शिवाय या लहान सेन्सरवर ५० म्हणजे ७५ सारखी दिसते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. फोर्टाच्या फूटपाथवर मागे सरकायला जागा कुठे? ३५ एफ १.८ जी डीएक्स (तुमच्या सेन्सरसाठीची, आत मोटर असलेली) बघा. २०० ग्रॅमची आहे, आणि कॅमेऱ्यासोबतच्या किट लेन्सच्या मानाने संध्याकाळी साधारण सहापट प्रकाश आत घेते. पण आधी महिनाभर आहे तीच लेन्स ३५ वर ठेवून चाला. झूमला हात लावायचा नाही.

कॅमेरा पर्समध्ये नको, स्टेशनाबाहेर पडल्यावर गळ्यात. मोड 'ए' (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच बदलतो), मेन्यूत किमान शटर १/२५० सेकंद. तुमचा स्क्रीन बाहेर वळतो, तो उघडून कॅमेरा पोटाशी धरा. डोळ्याला लावला की माणसं सावध होतात. आणि चहावाल्याकडे आधी चहा प्या हो!

प्रतिसाद

सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी काळवंडतो. संध्याकाळी उन्हात न्हातो. डिसेंबरात सहालाच सूर्य बुडतो, पण मार्चपासून तुम्हाला सुटल्यावरही ऊन सापडेल. तोवर सगळी इमारत घेण्याच्या फंदात पडू नका. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ आहे. एकच धरा आणि रोज काढा.

बुरशीसाठी: रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. साड्यांतून कॅमेरा आजच काढा. कापड ओल धरतं आणि बुरशीला काळोख आवडतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. 'डी' वाल्याला नाही कळवलं. डबा आणला, सासूबाईंना वाटलं पापडांसाठी.

आठ वर्षं त्या फाटकावरून जातेय आणि वाघ आहे हे मला आत्ता कळलं! या आठवड्यात त्याचे अकरा फोटो झाले, जेमतेम दोन मिनिटं रोज. गुरुवारी त्याच्या डोक्यावर कावळा बसला होता. तो फोटो मला फार आवडलाय, पण आकाश पांढरंफटक आणि वाघ-कावळा दोघं काळे ठिक्कर. 'ए' मोडमध्येच हे सावरता येतं का? की पुढच्या वेळी तसंच काळं राहू देऊ?