इन्स्टंट कॉफीच्या डब्यावर कॅफीनचा आकडाच नाही, मग हिशेब कसा करायचा?

राजारामपुरी_काकू

सून गरोदर आहे, पाचवा महिना. डॉक्टरांनी दिवसाचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. तिचे दोन चहा आणि संध्याकाळी सहाला एक कॉफी असते. लक्ष्मीपुरीतून आणलेले दोन डबे घरात आहेत. एकावर नुसतं 'इन्स्टंट कॉफी', दुसऱ्यावर 'कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के'. दोन्ही सगळीकडून वाचले, कॅफीन किती ते कुठंच नाही. आमच्याकडं कॉफी निव्वळ दुधातली, पाण्याचा थेंब नाही. दुधामुळं कॅफीन कमी होतं का? आणि दोनपैकी कुठला डबा तिच्यासाठी बरा?

बुंद_ते_भुकटी

काकू, आकडा नाही कारण तो छापायची सक्ती नाही. कॉफीत मुळातच असलेलं कॅफीन मिलिग्रॅममध्ये सांगा, असा नियम आपल्याकडं नाही. पण अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात किमान किती असावं ते ठरलेलं आहे आणि हिशेब तिथूनच सुरू करायचा.

निव्वळ इन्स्टंट कॉफीत, ओलावा वजा करून, कॅफीन किमान २.८ टक्के हवं. म्हणजे एका ग्रॅमला २८ मिलिग्रॅम. कॉफी-चिकोरीच्या इन्स्टंट मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के आणि कॅफीन किमान १.४ टक्के. दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबर निम्मा आहे, कारण चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतंच. ती रंग, दाटपणा आणि कडवटपणा देते.

पण ही खालची हद्द झाली. तुम्हाला वरची हवी. इन्स्टंटसाठी रोबस्टा जातीच्या बिया भरपूर वापरतात, कारण त्या स्वस्त पडतात आणि त्यांच्यातून अर्क जास्त निघतो. रोबस्टात कॅफीन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट असतं. शिवाय एक किलो भुकटीला साधारण अडीच किलो बिया लागतात. कॅफीन गरम पाण्यात सहज उतरतं, त्यामुळं बियांतलं बहुतेक सगळं त्या एका किलोत येऊन बसतं. म्हणून गरोदर बाईसाठी हिशेब करताना ग्रॅमला ४५ मिलिग्रॅम धरा. ७०:३० च्या डब्याला ४५ चे ७० टक्के, म्हणजे सुमारे ३२.

आता चहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांमध्ये १५० मिलिलिटरच्या एका चहाला ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि इन्स्टंट कॉफीला ५० ते ६५ दिलंय. दोन चहा वरच्या आकड्यानं १३०. उरले ७०. त्यात निव्वळ कॉफीची दीड ग्रॅम भुकटी बसते (६८), किंवा ७०:३० ची दोन ग्रॅम (६४). त्यापुढं नको. कप १५० मिलिलिटरपेक्षा मोठा असेल तर चहाचा आकडाही तेवढ्या पटीत वाढवा.

दुधानं कॅफीन कमी होत नाही. कपात भुकटी किती पडली एवढ्यावरच ते ठरतं. तीच भुकटी अर्धा लिटर दुधात घातली तरी कॅफीन तेवढंच राहणार.

डबा कुठला? कॅफीन कमी म्हणून ७०:३० सोयीचा. फक्त चिकोरीत कॅफीन नाही म्हणून ती गरोदरपणात कितीही चालते असं समजू नका. रोज घेणार असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

गुजरी_काटा

वरचा हिशेब बरोबर आहे, पण सगळं चमच्यावर अडतं. तोच चहाचा चमचा सपाट भरला तर बारीक भुकटी साधारण एक ग्रॅम, शिगोशीग भरला तर दोनच्या आसपास. बारीक आणि दाणेदार कॉफी एका चमच्यात सारखी मावत नाही. त्यामुळं डबा बदलला की माप पुन्हा घ्यायचं.

घरचा एक ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवणारा काटा असेल तर एक चमचा मोजू नका, काहीही दाखवेल. वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा, दहा चमचे एकसारखे सपाट भरून टाका आणि वजनाला दहानं भागा. ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा असेल तर तीन वेळा मोजून सरासरी पुरे. मग तोच चमचा डब्यातच ठेवून द्या, दुसरा वापरू नका.

आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की भुकटी ओल धरते आणि गोळे होतात. गोळा झालेली कॉफी चमच्यात दाबून बसते, मग त्याच चमच्यात वजन जास्त येतं. मानकात ओलावा ४ टक्क्यांच्या आत हवा, उघड्या डब्यात तो कुठल्या कुठं जातो. जून ते सप्टेंबर लहान डबा आणा.

कळंबा_रोड

एवढं कशाला? जास्त कडू लागते त्यात कॅफीन जास्त. आणि चिकोरी किती आहे बघायचं तर थोडी कॉफी गार पाण्यावर भुरभुरा. कॉफी तरंगते, चिकोरी रंग सोडत खाली जाते.

बुंद_ते_भुकटी

दोन्ही इथं लागू नाहीत दादा. कडूपणात कॅफीनचा वाटा थोडाच असतो. बिया जास्त भाजल्या की कॉफी कडू होते, पण कॅफीन जवळपास तेवढंच राहतं. भाजलेली चिकोरीही कडू असते आणि तिच्यात कॅफीन शून्य. म्हणजे कडू लागणाऱ्या मिश्रणात निव्वळ कॉफीपेक्षा कॅफीन कमी, असंही होतं.

गार पाण्याची चाचणी खरी आहे, पण ती फिल्टर कॉफीच्या दळलेल्या पुडीसाठी. इन्स्टंटमध्ये कॉफी आणि चिकोरी दोन्हींचा अर्क सुकवलेला असतो, सगळंच विरघळतं. तरंगायला काही उरतच नाही.

प्रमाण जाणून घ्यायचा घरगुती मार्ग एकच, वेष्टण वाचणं. चिकोरी असेल तर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के हे छापणं बंधनकारक आहे. नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफी, तर नेसकॅफे सनराइज आणि ब्रू इन्स्टंट चिकोरी मिश्रणं. नावं आणि डबे एकाच घराण्यातले वाटतात, म्हणून नाव बघून नव्हे, टक्के बघून घ्या. पिशवीत बांधून मिळणारी सुटी कॉफी गरोदर बाईला देऊच नका. तिचं प्रमाण सांगणारं काहीच हाती राहत नाही.

छापलेल्या प्रमाणाबद्दल शंका असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणं ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तपासणीसाठी घेतोय हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. खासगी प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर 'एचपीएलसीनं कॅफीन, कोरड्या वजनावर' असं लेखी मागा (एचपीएलसी ही घटक वेगळे करून मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत). कोरड्या वजनावर नसेल तर आकडा २.८ शी ताडून बघता येत नाही.

एक गोष्ट मला खरंच पटत नाही. एनर्जी ड्रिंकला लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅमची हद्द आहे आणि गरोदर बायकांसाठी इशारा छापावा लागतो. २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. दोन ग्रॅम कडक इन्स्टंट कॉफीत ९० असू शकतं, आणि डब्यावर एक अक्षर नाही. ग्रॅममागे किती मिलिग्रॅम, एवढी एक ओळ छापली तर काकूंना इथं विचारावं लागलं नसतं.

राजारामपुरी_काकू

दहा चमचे मोजले. ७०:३० च्या डब्याचे १३ ग्रॅम भरले. म्हणजे एक चमचा १.३, कॅफीन ४२ च्या आत. बरोबर ना? आणि दूध-साखर घातलेली तयार पुडी आणि डिकॅफ, यांचं कसं?

गुजरी_काटा

बरोबर, काकू. ३२ गुणिले १.३, म्हणजे ४२ च्या आतच.

तयार पुडीवर घटकांच्या यादीत इन्स्टंट कॉफीचे टक्के दिले असतील तर पुडीच्या वजनाला त्यानं गुणा. समजा १५ ग्रॅमची पुडी आणि कॉफी १२ टक्के, तर भुकटी १.८ ग्रॅम, ४५ नं ८१ मिलिग्रॅम. दोन चहांसोबत ही बसत नाही. टक्के दिलेच नसतील तर ती पुडी तिच्यासाठी बाजूलाच ठेवा.

बुंद_ते_भुकटी

डिकॅफ म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, पण कॅफीन शून्य नव्हे. युरोपात इन्स्टंट डिकॅफला ०.३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणजे दोन ग्रॅमला ६ मिलिग्रॅम. तेवढं चालून जातं.

वेळेचंही बघा, काकू. एरवी शरीरातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांत उतरतं. गरोदरपणाचे महिने वाढतील तसा हा वेळ वाढत जातो आणि शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतो. सहाची कॉफी तीनच्या सुमाराला घेतली तर तिला रात्री झोप लागायला सोपं जाईल.