मदत हवी आहे: बहिणीच्या सासरी जावाला चाललोय, कोणाला काय हाक मारायची?

नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीचं सासर इंडोनेशियात आहे, जावा बेटावर सुराकार्ता म्हणजे सोलो शहरात. ती आणि मेहुणे नोकरीला सिंगापूरला असतात पण सातव्या महिन्याचं मितोनी सासरीच करायचं ठरलंय, आणि आई, बाबा, मी तिघं जाणार आहोत. मितोनी म्हणजे आपल्या डोहाळजेवणासारखंच, पहिल्या खेपेला करतात, ७ ठिकाणचं पाणी आणून घरातली वडीलधारी माणसं तिला आंघोळ घालतात, मग एकामागून एक ७ बाटिकची वस्त्रं नेसवून बघतात आणि पिवळ्या शहाळ्यावर चक्क कामदेव-रतीची चित्रं काढतात. हे कळल्यापासून आईला कधी एकदा जाते असं झालंय.

अडचण बोलण्याची आहे. आईला इंग्रजी येत नाही, विहीणबाईंनाही नाही, आणि त्या दिवशी बहीण कार्यात अडकलेली असणार, ती कुठे कुठे पुरी पडणार.

मला एवढं समजलंय की मोठ्या पुरुषांना पाक, बायकांना बु, तरुणांना मास आणि म्बाक म्हणजे दादा-ताई, वेटरला ड्रायव्हरलाही तेच. पण घरात जावानीज बोलतात आणि तिच्यात न्गोको ही बरोबरीच्यांची बोली, क्रोमो मानाची, आणि नुसतं तू-तुम्ही बदलून भागत नाही हो, जेवणं हे क्रियापदच न्गोकोत मांगान, क्रोमोत नेडॉ आणि मोठ्या माणसाबद्दल बोलताना डाहार!

तर आईने विहीणबाईंना नुसतं बु म्हणायचं की नाव लावायचं? सासऱ्यांना एकच नाव आहे, आडनाव नाहीच, मग बाबांनी काय म्हणायचं? बहीण नवऱ्याला मास म्हणते, आईला ते फार विचित्र वाटतं, तिला काय सांगू? आणि मेहुणे वयाने माझ्याहून मोठे असून मला म्बाक का म्हणतात? मोठ्यांच्या पाया पडायचं का? आईला तिथे परकं वाटू नये एवढंच मनात आहे, कोणी तिकडे राहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, अभिनंदन! मी बरीच वर्षं योग्याकार्ताला होते, सोलोच्या शेजारीच. आडनावाचं टेन्शन नको, तिथे कितीतरी लोकांना एकच नाव असतं, तिथले माजी राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो यांनाही एकच होतं. पाक किंवा बु आणि पुढे नाव, झालं, समोरासमोर नुसतं बु पण छान वाटतं. व्याह्यांना तिकडे बेसान म्हणतात, दोन्हीकडच्यांना एकच शब्द.

नवऱ्याला मास म्हणणं तिथे अगदी घरोघरी आहे, आईंना सांगा की आपण "अहो" म्हणतो त्या जागी ते आहे. मेहुणे तुला म्बाक म्हणतात कारण तू त्यांच्या बायकोची मोठी बहीण, तिथे वयापेक्षा नात्यातली पायरी बघतात, मोठ्या काकांचं पोर वयाने लहान असलं तरी मास किंवा म्बाकच. तू त्यांना मास आणि नाव म्हण. बाळ आलं की तू बुडे होशील, आईची किंवा बाबांची मोठी बहीण ती बुडे, धाकटी ती बुलिक, मावशी-आत्या असा फरक नाही.

पाया पडण्याऐवजी सालिम कर, मोठ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायचा. बसलेल्यांच्या समोरून जाताना थोडं वाकून "नुवुन सेवु" म्हणजे माफ करा, आभार मानायला "मातुर नुवुन", हो म्हणायला "न्गिह". चहा-खाणं पुढे आलं तरी यजमान "मोंगो" म्हणजे घ्या, असं म्हणेपर्यंत थांबा. द्यायचं-घ्यायचं उजव्या हाताने, दाखवायचं अंगठ्याने, बोटाने नाही. पाहुण्यांकडून क्रोमोची अपेक्षा कोणी करत नाही, पण डाहार हे स्वतःबद्दल कधी वापरू नका, तो मान दुसऱ्यालाच द्यायचा, आणि "कोवे" म्हणजे तू, ते मोठ्यांना अजिबात नाही.

एक अजून, लग्न झालं का असं तुला सरळ विचारतील, त्यात आगाऊपणा नसतो. झालं नसेल तर "बेलुम" म्हण, म्हणजे अजून नाही, "तिदाक" म्हणजे नुसतं नाही, तसं म्हटलं तर फार तुटक लागतं. आंघोळीचं पाणी घालायला आईंनाही बोलावतील, तेव्हा काय म्हणायचं ते विहीणबाईंनाच आधी विचारून ठेवा, त्यांना आवडेल.