नामवंत शेफच्या पदार्थाला गुण देताना परीक्षकाला नाव कळावे का?

चर्चाप्रस्ताव (नौपाडा, ठाणे)
ज्यांनी स्वतःची उपाहारगृहे नावारूपाला आणली आहेत असे शेफ दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत उतरतात, तेव्हा समोरचे ताट कोणाचे आहे हे परीक्षकाला कळता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. नाव कळले की जिभेच्या आधी दबदबा काम करतो. २०२४ च्या ‘कलिनरी क्लास वॉर्स’ या कोरियन मालिकेत २० नामवंत आणि ८० तुलनेने अपरिचित शेफ होते, आणि एका फेरीत दोन्ही परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना घास भरवले गेले. अमेरिकेतील ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’मध्येही परीक्षकांना शेफची ओळख कळू दिली जात नाही, तिथे १०० पैकी ५० गुण चवीचे असतात. आपल्याकडे हे का होऊ नये?

उत्तर (वाशी)
असहमत. त्याच कोरियन मालिकेत पुढे, पट्टीविना झालेल्या एका फेरीत, एडवर्ड ली यांनी बिबिंबाप केला. हा मुळात कालवून खायचा भात. त्यांनी तो ट्यूना माशाच्या आवरणात बांधून सुरी-काट्याने खायला दिला आणि कोरियात जन्मून अमेरिकेत वाढलेल्या स्वतःची ओळख त्यातून मांडली. एका परीक्षकाने ९७ गुण दिले, दुसऱ्याने ८२. यात पक्षपात कुठे आहे? परंपरेपासून किती दूर जावे याबद्दलचा तो प्रामाणिक मतभेद होता, आणि शेफचे म्हणणे ऐकले नसते तर तो उघडच झाला नसता. सिद्धहस्त माणसाचा हेतू वगळून त्याच्या कामाची परीक्षा होत नाही.

उत्तर (नेरूळ)
हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करत असल्याने वेगळा मुद्दा मांडते. दिवाळे कोळीवाड्यातून आणलेला ताजा बोंबील रव्यात घोळवून तळला, तर तव्यावरून उतरल्यावर थोड्याच वेळात आतल्या पाण्याने त्याचे आवरण मऊ पडते. चित्रीकरण आणि ओळख लपवण्याच्या खटाटोपात ताट थांबले, की परीक्षक शेफचे कौशल्य चाखत नाही, उशीर चाखतो. शिवाय डोळ्यांवर पट्टी असलेल्याला मांडणी दिसत नाही आणि कशाबरोबर काय खायचे हेही त्याला ठरवता येत नाही. म्हणून नाव लपवावे की नाही यापेक्षा, परीक्षकाने तो पदार्थ गरम असताना, जसा खायचा तसा खाल्ला का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रस्तावकाचे उत्तर (नौपाडा, ठाणे)
बोंबलाचा मुद्दा पूर्ण मान्य. पट्टीचा आग्रह मी सोडतो, नाव लपवण्याचा मात्र सोडत नाही. वाशीच्या सदस्यांनी दिलेल्या उदाहरणातच पंधरा गुणांचा फरक आहे, आणि त्यातला किती चवीचा व किती कहाणीचा हे आज कोणालाच सांगता येणार नाही. चवीचे गुण आधी लिहून बंद करावेत, मग शेफला बोलू द्यावे आणि हेतूचे गुण वेगळ्या रकान्यात द्यावेत.

उत्तर (वाशी)
दोन रकाने चालतील, पण हेतूचा रकाना नावापुरता ठेवू नये. १०० पैकी किमान ३० गुण त्याला द्या, तर मी आपल्या बाजूने आहे.