मदत हवी आहे: निवृत्त वनमजुराचं नाव वन्यजीव पुरस्कारासाठी पाठवायचंय

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला राहतो, गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात. आमच्या भागात वनमजूर म्हणून काम केलेले आप्पा नुकतेच निवृत्त झाले. त्यांचं नाव एखाद्या वन्यजीव संवर्धन पुरस्कारासाठी पाठवावं असं गावातल्या काही जणांनी ठरवलंय. पण कोणता पुरस्कार निवडावा आणि अर्जात काय लिहावं, इथेच गाडी अडलीय.

काम सांगतो, म्हणजे अडचण कळेल. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. कोयते थांबतात, पोरं मोबाइल काढून धावत सुटतात. आप्पा आले की आधी गर्दी पांगवतात. तेवढ्या तुकड्यातली तोड बंद. डॉक्टरांनी पिल्लं तपासली की संध्याकाळी ती सापडली त्याच जागी कॅरेटमध्ये ठेवायची, शेजारी ट्रॅप कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावायचा आणि सगळ्यांनी लांब व्हायचं. अंधार पडल्यावर मादी येते, कॅरेट कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. कधी येतच नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खटाटोप. सगळ्यात अवघड असतं तोडणी कामगारांना थोपवणं, कारण जवळच्याच कोपीत, म्हणजे झोपडीत, त्यांची लेकरं झोपलेली असतात. आप्पा त्यांच्यात बसतात, चहा घेतात आणि पिल्लं हलवली तर मादी इथेच घिरट्या घालत राहील, हे पटेपर्यंत सांगत राहतात.

आता अडचण. विहिरीतून काढलेला बिबट्या दाखवता येतो. त्याचा फोटो असतो, बातमी असते. पण जिथे पिंजरा लावायची वेळच आली नाही, कुणी काठ्या घेऊन उसात शिरलं नाही, त्याचा पुरावा काय जोडायचा?

पुरस्कारांची माहिती काढली. हरगिला पक्ष्यासाठी झटणाऱ्या आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन यांना २०१७ मध्ये व्हिटली हा ब्रिटनमधला संवर्धन पुरस्कार आणि २०२४ मध्ये व्हिटली गोल्ड मिळाला. पण त्यात मिळणारा निधी पुढच्या प्रकल्पासाठी असतो, आप्पांना तो लागू पडत नाही. पद्म पुरस्कारासाठी कुणीही ऑनलाइन शिफारस करू शकतं, मजकूर ८०० शब्दांपर्यंत. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सेवेतले सरकारी कर्मचारी त्यात बसत नाहीत. आप्पा आता निवृत्त आहेत. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आमची उमेद वाढलीय. 'सँक्च्युअरी' या वन्यजीवविषयक नियतकालिकाचे पुरस्कार २००० सालापासून दिले जातात, त्यात जंगलात राबणाऱ्या माणसांचीही दखल घेतली जाते. मला तो जवळचा वाटतो. कुणी असा अर्ज भरला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, अर्ज नक्की करा. मी अशा कामात मदत केली आहे. आकड्यांच्या मागे लागू नका, एकच प्रसंग पूर्ण लिहा: कोणतं शेत, कॅरेट किती वाजता ठेवलं, मादी किती वाजता आली. ट्रॅप कॅमेऱ्याच्या फोटोवर वेळ छापलेली असते, तोच तुमचा पुरावा. शेतमालक, मुकादम आणि आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेब, तिघांकडून पत्रं घ्या. मुकादमाचं पत्र सगळ्यात मोलाचं, कारण तोड थांबली की त्याचं नुकसान होतं आणि तरीही तो थांबला. पिल्लं हातात घेतलेले फोटो मात्र जोडू नका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे, जाणकार परीक्षकाला ते खटकेल. आणि आप्पांना विचारलंत का?

धागाकर्ता

मनापासून आभार. मुकादमाचं पत्र सुचलंच नव्हतं, उद्याच फोन करतो. आप्पांना विचारलं. त्यांचं म्हणणं, रात्रभर बांधावर बसायला सोबतचे वनमजूरही होते, नावं द्यायची तर सगळ्यांची द्या. तर आता आणखी एक प्रश्न: एकाच अर्जात चार-पाच जणांची नावं घालावीत, की आप्पांच्या अर्जातच सोबत्यांचं काम सविस्तर लिहावं?