जुनी टर्बो गाडी आणि 'दुसऱ्याचं दुखणं'

जुना_स्पॅनर
काल इथे एकाने ठोकून दिलं: "वापरलेली टर्बो गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे मोजून घरी आणणं. पन्नास हजार किलोमीटर झाले की टर्बो मेलाच समजा." खाली अंगठ्यांची ही रांग. गप्प बसणार होतो, पण ते वाचून माझ्या वहिनीने एक चांगली गाडी नाकारली, तेव्हा लिहिणं आलं.

पन्नास हजार हा आकडा आणला कुठून? टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याला किलोमीटर कळत नाहीत, ऑईल कळतं. आतला शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्या पुढे जातो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की कारभार आटोपला. ऑईल वेळेवर बदललं असेल तर टर्बो इंजिनाच्या बरोबरीने जगतो. माझा एक लाख ऐंशी हजारांवर आहे, अजून मूळचाच.

बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत चावी लावू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात. मला एकदा बॉनेट गरम लागलं तर म्हणे, "आत्ताच धुवून आणली हो." टायर कोरडे ठणठणीत! गार इंजिन चालू करा, दोन-चार मिनिटं आयडलवर सोडा, मग रेस द्या आणि मागे कुणाला तरी उभं करा. निळा भपकारा आला तर ऑईल जळतंय, टर्बोच्या सीलमधून नाही तर व्हॉल्व्हच्या. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी बघा.

आणि जाहिरातीत 'नवा टर्बो टाकलाय' दिसलं की हुरळू नका. पहिला का गेला ते विचारा. माझ्या आधीच्या गाडीत एका गॅरेजवाल्याने नवा टर्बो बसवला आणि ऑईलचा पाइप जुनाच ठेवला. आत काजळीचा बूच बसलेला. नवा टर्बो तीन आठवड्यांत शिट्टी मारायला लागला, पाचव्यात गेला.

साधंच_बरं
लेख छान, पण मूळ मुद्द्याला बगल. ऑईलची बिलं मिळतील हो. आधीच्या मालकाने गाडी कशी हाकली त्याचं बिल कुठे मिळतं? माझे एक सहकारी घाट चढून वर यायचे आणि थांबल्या क्षणी चावी फिरवायचे. सर्व्हिस बुक बघाल तर शिक्क्यांनी भरलेलं. टर्बो भाजलेला, ऑईल आतल्या आत करपलेलं. साध्या इंजिनात हा भागच नाही, मग बिघडणार काय?

साठपर्यंत_मोजा
+१. गाडी थांबवल्यावर किमान एक मिनिट आयडलवर ठेवायलाच हवी. वडील मनात साठपर्यंत मोजायचे, आम्ही मुलं मागच्या सीटवर मोठ्याने मोजायचो. त्यांच्या डिझेलचा टर्बो कधी उघडला नाही. विकणाऱ्यासोबत चक्कर मारायला जा आणि परत आल्यावर तो चावी कधी काढतो ते बघा. सगळं कळतं.

वायरमन
झालं, आले साठवाले. अहो, आता कित्येक टर्बोंच्या मधल्या भागातून कूलंट फिरतं. इंजिन बंद झाल्यावरही उष्णतेने ते आपोआप वाहत राहतं, काही गाड्यांत त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो. बंद केल्यावर पंखा घरघरतो ना, तो उगाच नाही. आणि स्टार्ट-स्टॉपवाली गाडी प्रत्येक सिग्नलला स्वतःच इंजिन बंद करते. तिलाही साठपर्यंत मोजायला शिकवणार का?

साठपर्यंत_मोजा
सिग्नलला थांबण्याआधी तुम्ही गाडी रेडलाइनला, म्हणजे फेऱ्यांच्या मर्यादेपर्यंत, ताणत नव्हता, म्हणून चालतं. शिवाय इंजिन फार तापलं असेल तर ती यंत्रणा इंजिन बंद करतच नाही. अर्धं वाचून शिकवू नका.

वायरमन
शिकवत नाहीये, दुरुस्त करतोय. शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवलं की टर्बो तेवढाच गार होतो. पार्किंगमध्ये उभं राहून शेजाऱ्यांना धूर पाजायची गरज नाही.

साठपर्यंत_मोजा
घाटमाथ्यावरच थांबायचं असेल तर शेवटचे दोन किलोमीटर कुठून आणणार? चढ हलका करून घ्यायचा?

वायरमन
मग तिथे मोजा की! रोज भाजी आणायला गेल्यावर कशाला? टर्बो तापायच्या आत तर घर येतं तुमचं.

साधंच_बरं
बघा, मालकांचंच एकमत नाही. म्हणजे आधीच्याने काय केलं असेल ते देव जाणे. माझा मुद्दा सिद्ध.

जुना_स्पॅनर
धाग्याचा विषय खरेदी आहे, आठवण करून देतो. साठ सेकंदांवर वीस प्रतिसाद नकोत.

जुन्या_गाड्यांचा_नादी
अवांतर करतोच. १९६२ साली ओल्डस्मोबिलची जेटफायर आली, टर्बो लावलेल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी एक. इंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून आत जायचं. ती टाकी भरायला मालकच विसरायचे, मग गाडी मरगळायची. शेवटी कंपनीनेच बऱ्याच गाड्यांचे टर्बो उतरवून साधे कार्बोरेटर बसवून दिले. तात्पर्य तुम्हीच काढा, मी फक्त काडी टाकली.

साधंच_बरं
तात्पर्य सोपं आहे. कंपनीलाही शेवटी साधंच बरं वाटलं.

घाटातला_डिझेल
विनोद पुरे. टर्बोचं सील गेलं की काय होतं ते मी अनुभवलंय. सेकंडहँड डिझेल, घेऊन दोन महिने. चढावर एकदम इंजिन आपोआप किंचाळायला लागलं. चावी काढून हातात घेतली तरी चालूच! टर्बोतून आलेलं स्वतःचंच ऑईल पीत होतं ते. मागे इतका पांढरा धूर की आरशात काही दिसेना. पाचवा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडला. आचका देऊन मेलं एकदाचं. ऑटोमॅटिक असती तर हे जमलंही नसतं. घ्यायच्या आधी इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा गार करतो तो) पाइप उघडून बघितला असता तर आतलं ऑईल दिसलं असतं.

वायरमन
थरारक आहे, पण पाइपात थोडा ओलसरपणा चांगल्या गाडीतही असतो. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, ऑईलची वाफ तिथूनच जाते. थारोळं असेल तर पळा. ओल बघून चांगल्या गाड्या नाकारू नका.

घाटातला_डिझेल
थारोळंच होतं. तुम्ही नव्हतात तिथे.

वायरमन
बरं बाबा, थारोळं. एक कामाचं सांगतो, जे कुणीच लिहिलं नाही. स्कॅनर नुसते बिघाडाचे कोड बघायला लावू नका. 'एकही कोड नाही' हे सकाळीच कोड पुसूनही दाखवता येतं. रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्यात का ते. बरेचसे अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बॅटरी का काढली याचं उत्तर विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं.

जुना_स्पॅनर
हे मान्य, माझ्या लेखात राहिलंच. टर्बोचा तोंडाचा पाइप सुटत असेल तर शाफ्टही बोटाने हलवून बघा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, ऑईलच्या थराला तेवढी जागा लागते. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर नमस्कार करून निघा.

साधंच_बरं
कोण अनोळखी माणसाला पाइप सोडू देतो?

जुना_स्पॅनर
जो देत नाही त्याला कारण विचारायचं. वेळ नाही म्हणाला तर गॅरेजमध्ये न्यायचं. तिथेही नको म्हणाला तर झालं की काम.

पन्नास_हजारवाला
ज्यावरून हे सगळं पेटलं तो प्रतिसाद माझा. आकडा मागे घेतो, मनाने लिहिला होता. पण तुमच्या वहिनींनी माझ्या एका ओळीवरून गाडी नाकारली असेल तर गाडीतही काहीतरी असणार. बिलं होती का?

जुना_स्पॅनर
मधल्या दोन वर्षांची नव्हती.

पन्नास_हजारवाला
वहिनींना माझा नमस्कार सांगा.

साठपर्यंत_मोजा
आणि साठपर्यंत मोजायलाही सांगा.