अभंगाचं मिक्स आणि कन्सोल इम्युलेशन: सगळ्या ट्रॅकवर लावायचं का?

वारीचा_सूर
नमस्कार मंडळी. गावच्या भजनी मंडळाचे अभंग देवळाच्या सभामंडपात रेकॉर्ड केलेत, पखवाजाला दोन्ही बाजूंना माइक, पेटी, वीणा, टाळ, बुवांचा आवाज आणि मागे साथ धरणारे टाळकरी. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करतोय. एकेक ट्रॅक ऐकला की स्वच्छ वाटतो, पण सगळे एकत्र वाजले की प्रत्येक जण वेगळ्या खोलीत बसून वाजवतोय असं वाटतं. यूट्यूबवर जो तो सांगतो प्रत्येक चॅनलवर कन्सोल इम्युलेशन, म्हणजे नीव्ह नाहीतर एसएसएल कंपनीच्या जुन्या मिक्सिंग कन्सोलची नक्कल करणारं प्लगइन टाक, चिकटून येतं सगळं. दोन-तीन प्लगइन्सचे डेमो लावून बघितले, तर काही ट्रॅकवर काडीचा फरक पडत नाही आणि टाळ मात्र चरचरायला लागतात. मुळात जुन्या कन्सोलमध्ये असं काय घडायचं जे कॉम्प्युटरमध्ये घडत नाही? आणि विकत घ्यायचंच तर कुठलं घेऊ?

गाभा_आणि_तार
आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, आत्ता काहीच घेऊ नकोस. आता पहिला. कॉम्प्युटरमध्ये ट्रॅक एकत्र होतात म्हणजे नुसती बेरीज होते, त्यात रंग वगैरे काही नसतो. जुन्या कन्सोलमध्ये प्रत्येक चॅनल ट्रान्सफॉर्मर, अँप्लिफायर, परत ट्रान्सफॉर्मर असा प्रवास करून मग बसवर, म्हणजे सगळे चॅनल एकत्र होतात त्या वाटेवर यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर पडायची, शेजारच्या चॅनलचं थोडं गळायचं ते वेगळंच. रूपर्ट नीव्ह यांचं १०७३ मॉड्यूल १९७० चं, त्याला आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर. आता ट्रान्सफॉर्मरचा स्वभाव असा की व्होल्टेज तेवढंच ठेवलं तरी सूर जितका खालचा तितका लोखंडी गाभा लवकर भरतो, म्हणजे खर्जावर आधी सॅच्युरेशन (गाभा भरल्याने येणारं डिस्टॉर्शन) येतं. तुझ्या पखवाजाची कणीक लावलेली बाजू घे. समज तिचा धुमकारा ७० हर्ट्झला आहे, तर त्याच्यावर १४०, २१० असे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट सूर उगवतात, आणि मोबाइलच्या स्पीकरला ७० झेपत नसला तरी या वरच्या सुरांमुळे कानाला धुम कळतो. इम्युलेशनचा मला सगळ्यात खरा वाटणारा फायदा हा.

एसएसएल ४००० ची गोष्ट वेगळी आहे. लोकांनी ते डोक्यावर घेतलं ते अशा जाडसरपणापेक्षा प्रत्येक चॅनलवरचा कॉम्प्रेसर-गेट (आवाजाचे चढउतार आवरणारा), इक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणारा) आणि मधला बस कॉम्प्रेसर यांच्यासाठी. आणि लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६८ मध्ये ईएमआयचं टीजी१२३४५ आलं ते ट्रान्झिस्टरवालं, त्याआधीची आरईडीडी कन्सोल्स व्हॉल्व्हवाली, बीटल्सचं बहुतेक सगळं काम या व्हॉल्व्हवाल्यांवरच झालं. म्हणजे कन्सोलचा आवाज असा एक नाहीच, कुठलं कन्सोल ते आधी विचारायला हवं.

फरक का पडत नाही, तर लेव्हल. यातले बरेच प्लगइन डिजिटलमधली उणे १८ डीबीएफएस ही लेव्हल म्हणजे जुन्या काट्याच्या मीटरवरचं शून्य व्हीयू असं धरून बनवलेत. तू वीणा उणे ३५ च्या आसपास रेकॉर्ड केली असशील तर तिला त्या ट्रान्सफॉर्मरचा पत्ताही लागत नाही. प्लगइनच्या आधी क्लिपचा गेन, म्हणजे रेकॉर्ड झालेल्या तुकड्याचीच लेव्हल वाढव, ट्रॅकची सरकपट्टी म्हणजे फेडर नको, तो प्लगइनच्या नंतर येतो.

टाळकुटी
टाळांचं मी सांगते दादा, माझा निम्मा जन्म कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये चाललाय. ती चरचर म्हणजे अलायझिंग. टाळांमध्ये १५ किलोहर्ट्झपर्यंत भरपूर माल असतो. प्लगइन त्याचा दुसरा हार्मोनिक करायला जातो तो ३० चा, पण ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या सेशनमध्ये त्याच्या निम्म्या, म्हणजे २२.०५ च्या वर जागाच नाही, मग तो उलटा दुमडून १४.१ वर येऊन बसतो. त्याचा मूळ सुराशी काही संबंध नसतो म्हणून ते कानाला टोचतं. खऱ्या कन्सोलमध्ये तो ३० चा सूर तसाच वर जायचा, कोणाला ऐकूही यायचा नाही. यावर उपाय ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे प्लगइनला आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर चालवणं, बऱ्याच प्लगइनमध्ये बटण असतं आणि नवीन रीपरमध्ये कुठल्याही प्लगइनला बाहेरून लावता येतं. मी स्वतः टाळांवर कन्सोल लावतच नाही. शिवाय टाळाचा ठोका क्षणात निघून जातो आणि व्हीयूचा काटा सरासरी दाखवतो, काटा पाहून गेन लावलात तर ठोके कितीतरी वर आपटतात.

आणि स्पष्टच बोलते, वेगळ्या खोलीत बसल्यासारखं वाटतंय त्याचं कारण मला कन्सोल वाटत नाही. पखवाजाच्या दोन माइकपैकी एकाचा फेज उलटा (लाटेची वरची बाजू खाली) करून बघा, खर्ज भरला तर तसाच ठेवा. सभामंडपाचा घुमारा काही ट्रॅकवर भरपूर आणि बुवांच्या जवळच्या माइकवर जवळजवळ शून्य असणार, तर बुवांना तशाच दगडी जागेचा थोडा रिव्हर्ब द्या. हे आधी, प्लगइन नंतर.

शून्य_व्हीयू
ताईंचं फेज आणि रिव्हर्बचं शंभर टक्के बरोबर. पण मी इम्युलेशन इतकं सहज सोडणार नाही. एअरविंडोज या नावाने प्लगइन बनवणारे क्रिस जॉन्सन यांचे कन्सोल प्लगइन फुकट आहेत, सोर्स कोडही खुला आहे, आणि त्यातली कल्पना मला फार आवडते. कन्सोल५ मध्ये प्रत्येक ट्रॅकवर चॅनल प्लगइन, ते सिग्नलचा साइन (त्रिकोणमितीतला) घेतं, आणि मास्टरवर बस प्लगइन, ते त्याच्या उलट आर्कसाइन घेतं. एकच ट्रॅक वाजत असला की दोन्ही एकमेकांना रद्द करतात, जवळजवळ जे आत गेलं तेच बाहेर. पण दहा ट्रॅकची बेरीज झाल्यावर आर्कसाइन घेतलं की ते रद्द होत नाही, ट्रॅक एकमेकांवर परिणाम करतात. म्हणून सोलो करून तपासलंत तर फारसं काही सापडणार नाही, सगळं मिक्स चालू ठेवूनच ऐका. चॅनल प्लगइन ट्रॅकवर सगळ्यात शेवटी, बसवालं मास्टरवर सगळ्यात आधी, आणि फेडर शून्यावर ठेवून लेव्हल त्याच्या आधीच लावायची, नाहीतर गणित बिघडतं.

पैसे खर्चायचेच असतील तर ब्रेनवर्क्स कंपनीवाले एका कन्सोलचे ७२ चॅनल किंचित वेगवेगळे देतात, कारण खऱ्या यंत्रात कुठलेही दोन रेझिस्टर अगदी सारखे नसतात. टाळकऱ्यांच्या कोरसच्या डाव्या-उजव्या ट्रॅकला दोन वेगळे चॅनल दिले की ते छान पसरतात.

वारीचा_सूर
खूप आभार सगळ्यांचे. एका माइकचा फेज फिरवला आणि पखवाज अचानक दुप्पट झाला! वीणेचा गेनही वाढवला. एअरविंडोज आज रात्री लावतो. पेटीवर सॅच्युरेशन चालेल का? भात्याचा आवाज वाढायची भीती वाटते.

गाभा_आणि_तार
भाता थोडा वाढेलच, म्हणून आधी ८० हर्ट्झच्या आसपास लो कट लाव, म्हणजे त्याखालचं गाळून टाक. पण पेटीत दुसरी गोष्ट बघायची असते. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या फरकाचाही सूर तयार होतो. सा २४० ला आणि प ३६० ला धरला तर फरक १२०, म्हणजे खालचा सा, त्यामुळे सा-प धरून वाजवलेल्या जागी पेटी भारदस्त होते. जिथे पेटीवाल्याने शेजारशेजारचे सूर एकत्र दाबलेत तिथे तोच फरक गढूळ ऐकू येतो, तेवढ्या ओळींपुरतं ऑटोमेशनने ड्राइव्ह, म्हणजे सॅच्युरेशनचा जोर खाली आण. आणि प्लगइन चालू-बंद करून ऐकताना आउटपुट दोन्हीकडे सारखं करून घे, अर्धा डीबी जास्त असला तरी कान मोठ्यालाच चांगलं म्हणतो. तयार मिक्सची फाइल रेंडर करून इथे टाक, बुवांचा आवाज ऐकायचाय.